ताप आलाय, स्वॅब कधी द्यायचा?

वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरे

शाळा सुरू होऊन पावसाने जोर धरला की कोल्हापुरातल्या बालरुग्णालयांच्या पायरीवर चपलांची गर्दी वाढते. या महिन्यात आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारलेली आहे: हा साधा ताप की कोरोना, आणि ते ओळखायचे कसे? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, पण विषाणू गेलेला नाही. फ्लूच्या जोडीने तो अधूनमधून डोके वर काढतोच. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. दोन दिवस ताप, सर्दी, खोकला आहे. शेजारच्या काकू म्हणतात, वास येत नसेल तर कोरोना समजायचा. एवढ्याशा पोराला वास येतो का, हे विचारायचं कसं?
— एक आई, राजारामपुरी

विचारत बसू नका. वास आणि चव जाणे हे लक्षण पहिल्या दोन लाटांत मोठ्या माणसांमध्ये ठळक होते. ओमायक्रॉन आल्यापासून ते बरेच कमी झाले आणि चार वर्षांच्या मुलाला ते सांगताही येत नाही. नाक चोंदले की कुठल्याही सर्दीत वास जातो, हे वेगळेच.

मुलांमधला कोरोना बहुतेक वेळा असाच दिसतो: ताप, वाहते नाक, घसादुखी, खोकला, अंग मोडून येणे. काही मुलांना सर्दीचा मागमूस नसतो, नुसत्या उलट्या-जुलाब होतात. तान्ह्या बाळात दूध कमी ओढणे आणि किरकिर एवढेच दिसू शकते. ओमायक्रॉनपासून कुत्रा भुंकल्यासारखा कोरडा, घोगरा खोकलाही दिसू लागला. इन्फ्लुएन्झा आणि आरएसव्ही हे विषाणू नेमकी हीच लक्षणे देतात. त्यामुळे नुसते बघून 'हा कोरोनाच' किंवा 'हा कोरोना नव्हे' असे आम्हालाही सांगता येत नाही.

उपयोगी पडते ती संपर्काची माहिती. घरात, वर्गात किंवा रिक्षातल्या मुलांत कोणाची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे का? संसर्गानंतर लक्षणे २ ते १४ दिवसांत येतात, ओमायक्रॉनच्या प्रकारांत बहुधा तिसऱ्या दिवसाच्या आसपास.

तुमचा मुलगा खेळतोय, पाणी पितोय आणि श्वास नीट आहे, तर चाचणी केली काय आणि न केली काय, उपचार तेच राहतात: पाणी, आराम, तापाला पॅरासिटामॉल. निकालाने पुढचा निर्णय बदलणार असेल तिथे मात्र चाचणी जरूर करावी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, धाप लागली, मुलाला जन्मजात हृदयविकार आहे, कर्करोगाचे उपचार किंवा रोजचे स्टेरॉइड चालू आहेत, मूल दाखल करावे लागले, किंवा घरात केमोथेरपी वा डायलिसिस चालू असलेले कोणी आहे, ही अशी कारणे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर चाचणीची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तिथे कोरोनापेक्षा रक्तातल्या जंतुसंसर्गाची भीती मोठी असते.

आजी पॉझिटिव्ह आली. नातीला त्याच संध्याकाळी ताप आला म्हणून लगेच घरच्या किटने तपासलं, निगेटिव्ह. तिसऱ्या दिवशी शाळेत पाठवू का?
— कागल

नको. ताप आल्या आल्या, पहिल्या काही तासांत केलेली अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर तिला फारसा अर्थ नसतो. हे किट विषाणूचे प्रथिन पकडते आणि ते नाकात पुरेशा प्रमाणात जमल्याशिवाय रेघ उमटत नाही. पॉझिटिव्ह आले तर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आले आणि लक्षणे आहेत, तर ४८ तासांनी पुन्हा करा किंवा आरटी-पीसीआर करून घ्या. लक्षणे नसून नुसता संपर्क असेल, तर संपर्कानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास करा.

चाचणी फसण्यामागे दिवसाइतकाच हातही असतो, म्हणून नीट सांगतो. किट २ ते ३० अंशांत ठेवायचे असते. गाडीच्या डिकीत दिवसभर तापलेले वापरू नका. मुदत बघा, आणि किती वयापासून चालते ते आतल्या कागदावर वाचा. आधी मुलीला नाक शिंकरायला लावा. नाकात थेंब किंवा स्प्रे नुकताच घातला असेल तर थोडे थांबा. पाकीट फोडल्यावर कांडीच्या कापसाला बोट लावू नका.

साधारण किटमध्ये कांडी मोठ्या माणसाच्या नाकपुडीत २ ते ४ सेंटिमीटर जाते. लहान मुलाच्या नाकात अडथळा जाणवला की तिथेच थांबायचे. भिंतीला टेकवून पाच वेळा गोल फिरवा, मग तीच कांडी दुसऱ्या नाकपुडीत तशीच फिरवा. बहुतेक जण इथेच चुकतात: नाकाच्या तोंडाशी टेकवून कांडी बाहेर काढतात, कारण मूल रडते. तेवढ्याने नमुनाच मिळत नाही. मग कांडी नळीतल्या द्रवात बुडवून, नळी बाहेरून चिमटीत दाबून दहा वेळा घोळवा, खुणेपाशी मोडा, झाकण लावा आणि पट्टीच्या खाचेत दोन थेंब टाका. जास्त टाकले तर रेघा पसरतात. घड्याळ लावून १५ मिनिटांनी वाचा. २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. 'सी'समोर रेघच आली नाही तर ती चाचणी बाद, नवे किट घ्या. वेळेत वाचताना 'टी'समोर फिकी रेघ दिसली तरी ती पॉझिटिव्हच. थेंबांचा आणि मिनिटांचा आकडा कंपनीप्रमाणे थोडा बदलतो. कागदावर असेल तो पाळा.

दोन वर्षांची मुलगी. स्वॅबच्या वेळी तिने एवढा आकांत केला की परत आणलं. त्यापेक्षा रक्त तपासून किंवा छातीचं सीटी स्कॅन करून कळत नाही का?
— गडहिंग्लज

नाही. रक्तातली अँटिबॉडी संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागते, म्हणजे आजच्या तापाचे कारण ती सांगत नाही. शिवाय आता बहुतेक मुलांना एकदा तरी संसर्ग होऊन गेला आहे, काहींना लस मिळाली आहे. अँटिबॉडी पॉझिटिव्ह येणारच. सीटी स्कॅन तर निदानासाठी मुलांना करूच नये. सौम्य आजारात त्यात काही दिसत नाही, दिसले तरी ते कोरोनाचेच असे म्हणता येत नाही, आणि किरणोत्सर्ग फुकटचा.

स्वॅबला काही सेकंद लागतात. धरायचे कसे एवढे ठरवून जा. दूध किंवा जेवण होऊन तास-दोन तास झालेले असू द्या, नाहीतर उलटी होते. मुलीला मांडीवर तिची पाठ तुमच्या छातीला टेकवून बसवा, तिचे पाय तुमच्या गुडघ्यांमध्ये धरा, एक हात तिच्या दोन्ही हातांवरून आडवा घ्या आणि दुसरा कपाळावर ठेवून डोके छातीशी स्थिर ठेवा. कांडी वर, कपाळाच्या दिशेने नव्हे तर सरळ मागे, टाळूला समांतर जाते; खोली साधारण नाकपुडीपासून कानापर्यंतच्या अंतराच्या निम्मी. डोके मागे झुकलेले असले की दिशा चुकते आणि दुखते. 'दुखणार नाही' असे आधी सांगू नका. 'नाकात गुदगुल्या होतील, डोळ्यांतून पाणी येईल, मग झालं' असे सांगा. खोटे सांगितले तर पुढच्या प्रत्येक सुईच्या वेळी ते भोगावे लागते.

रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू १७ आहे. लॅबमधले म्हणाले, फार जास्त आहे. मुलगा तर घरभर पळतोय.
— शुक्रवार पेठ

मग पळू द्या. हा आकडा म्हणजे विषाणूचा अंश दिसेपर्यंत यंत्राला किती फेऱ्या कराव्या लागल्या ते. कमी फेऱ्या म्हणजे त्या नमुन्यात विषाणू जास्त. पण नमुना कसा घेतला, कुठल्या दिवशी घेतला आणि कुठले किट वापरले यावर तो बदलतो. आजार किती गंभीर होईल हे त्यावरून कळत नाही, आणि त्यावर बघून औषध वाढवायचे नसते.

आमचं गाव शाहूवाडीच्या आतल्या बाजूला. ऑक्सिमीटर आहे घरात. मुलीच्या बोटाला लावला तर कधी ८८, कधी ९७ दाखवतो. खरं कुठलं धरायचं? दवाखान्यात पोचायला दीड तास लागतो.
— एक वडील

दीड तास दूर असणाऱ्या घराने यंत्राआधी श्वास मोजायला शिकावे, म्हणून तेच आधी. मूल झोपलेले किंवा शांत असताना अंगातला सदरा वर करा आणि पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोबाइलवर पूर्ण ६० सेकंद लावा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. रडताना, दूध पिताना मोजायचे नाही. ताप चढलेला असताना आकडा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त आणि त्यापुढे ३० किंवा जास्त, हा श्वास वेगवान समजावा. हे आकडे कागदावर लिहून औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा.

आकड्यासोबत छाती बघा. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, बोलताना वाक्य तुटते का. यातले एक जरी दिसले तरी ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरीही निघायचे. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत मुलीला आडवे न झोपवता मांडीवर उभे धरा.

आता यंत्र. मोठ्यांचा चिमटा लहान बोटावर सैल बसतो आणि हात हलला की भलताच आकडा येतो. अंगठ्याला किंवा पायाच्या मोठ्या बोटाला लावून बघा. नखांवर पॉलिश किंवा गडद मेंदी नको. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. अर्धा ते एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. त्यावर नाडीचे ठोके दिसतात ते तुम्ही मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळत नसतील तर ऑक्सिजनचा आकडाही खोटा. तान्ह्या बाळाला हे यंत्र उपयोगाचे नाही, त्याला पट्टीचा वेगळा प्रोब लागतो. स्थिर आकडा ९४ किंवा जास्त असेल तर घरी थांबता येते, ९० ते ९३ असेल तर दवाखाना, ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन असलेलीच गाडी. बारा वर्षांपुढच्या मुलाला, दमा उसळलेला नसेल तर, यंत्र लावून घरातच सहा मिनिटे चालवून बघता येते. आकडा ९४ खाली आला, ३ ते ५ ने उतरला किंवा धाप लागली तर दाखवायला न्या. सोबत मोठे माणूस हवेच.

गुऱ्हाळाच्या धुराने ज्या मुलांची छाती वाजते, त्यांच्या बाबतीत एक सांगणे आहे. त्यांचा नेहमीचा पंप आणि स्पेसर कोरोनाच्या भीतीने बंद करू नका.

पुराच्या पाण्यात मुलं दोन दिवस होती. आता १०३ ताप, डोळे लाल, कोरोना निगेटिव्ह. मग काय?
— शिरोळ

मग डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) आधी. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, त्यानंतर आयजीएम तपासतात. सोबत रक्तातल्या पेशी आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झाले त्याची तपासणी, हवी. पोटऱ्या दुखत असतील, लघवी कमी किंवा गडद होत असेल तर लेप्टोचे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि पुराच्या पाण्याचा उल्लेख करायला विसरू नका. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही. डेंग्यूत ताप उतरू लागतो तेव्हा, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, धोका वाढतो: पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मलूलपणा. डेंग्यूची शंका पूर्ण मिटेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेले औषध देऊ नका. 'तापाचं कडक औषध द्या' म्हटले की मेडिकलमधून नेमके तेच हातात येते.

मुलगी नऊ वर्षांची. महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना कोरोना झाला, तिला नुसती सर्दी झाली होती. आता चार दिवस १०२-१०३ ताप, पोटात भयंकर दुखतं, डोळे लाल, अंगावर पुरळ. एकांनी टायफॉइड म्हटलं, एक अपेंडिक्स म्हणतात. कोरोनाचा स्वॅब निगेटिव्ह आहे.
— इचलकरंजी

या पत्राला छापील उत्तराची वाट बघायला लावले नाही, त्याच दिवशी दाखल करण्याचा निरोप दिला. इथे लिहितो ते इतर पालकांसाठी.

कोरोना होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी थोड्या मुलांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच खवळते आणि एकाच वेळी हृदय, आतडी, त्वचा, रक्तवाहिन्या सुजतात. याला एमआयएस-सी म्हणतात. ओमायक्रॉननंतर हा आजार खूप विरळ झाला आहे, पण चुकला तर हृदयावर येतो, म्हणून जागा इथे जास्त देत आहोत. मूळ संसर्ग बहुधा इतका सौम्य असतो की घरच्यांना आठवतही नाही. 'गेल्या दोन महिन्यांत घरात सर्दी-ताप कोणाला झाला होता?' हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर तुम्ही स्वतः सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत ताप तीन दिवस किंवा जास्त हवा, आणि पुढीलपैकी किमान दोन गोष्टी: पुरळ, किंवा पू न येता दोन्ही डोळे लाल, किंवा ओठ-तोंड-हातपायांवर सूज वा लाली; रक्तदाब खाली जाणे; हृदयाच्या स्नायूंवर परिणाम; रक्त गोठण्यात बिघाड; उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी. त्यासोबत सीआरपी, ईएसआरसारख्या दाहाच्या तपासण्या वाढलेल्या हव्यात, दुसरे जंतुजन्य कारण नको, आणि कोरोनाचा पुरावा किंवा संपर्क हवा.

स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे हा आजार नाही, असे समजू नका. विषाणू तोवर नाकातून गेलेला असतो. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असते. पण आता ती जवळपास सगळ्याच मुलांत सापडते, त्यामुळे एकट्या त्या रिपोर्टवर शिक्का मारता येत नाही. लिम्फोसाइट आणि सोडियम कमी, फेरिटिन आणि डी-डायमर जास्त, ट्रोपोनिन वाढलेले, असे एकत्र चित्र जुळवावे लागते. छातीची टूडी एको लागतेच: हृदय किती जोराने आकसते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगल्यात का, ते त्यातच दिसते. अपेंडिक्सची शंका असेल तर पोटाची सोनोग्राफी करावी. गाठी सुजलेल्या आणि पोटात थोडे पाणी एमआयएस-सीमध्येही दिसते, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर नेण्याआधी एको झालेली बरी. टायफॉइडसाठी रक्ताचे कल्चर घ्या. पहिल्या आठवड्यात विडाल चाचणीवर भिस्त ठेवू नये. काखेत, जांघेत जळल्यासारखी काळी खपली आहे का तेही बघून घ्यावे, ती स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाची, खूण असते.

दाखल करताना मुलांचा अतिदक्षता विभाग आणि एको करणारे डॉक्टर आहेत ना, हे आधी फोनवर विचारा. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) मोठ्या रुग्णालयात न्यायचे तर आधीचे सगळे रिपोर्ट आणि कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली तो कागद बरोबर ठेवा. उपचारात इम्युनोग्लोब्युलिन, साधारण किलोमागे २ ग्रॅम, आणि स्टेरॉइड देतात. वेळेत सुरू झाले की बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. घरी सोडल्यावर एको पुन्हा करावी लागते, एक ते दोन आठवड्यांनी आणि चार ते सहा आठवड्यांनी. मूल हसतखेळत असते म्हणून पालक ही दुसरी एको टाळतात, ते करू नका. इम्युनोग्लोब्युलिन दिले असेल तर गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लसी ११ महिने पुढे ढकलायच्या असतात. लसीच्या कार्डावर तारीख लिहून घ्या.

तापाच्या दोन बाटल्या घरात आहेत, एक ड्रॉप्स, एक सिरप. मुलगा १० किलोचा. सासूबाई म्हणतात, दोन्हींतलं सारखंच द्यायचं.
— गारगोटी

सासूबाईंना बाटल्यांवरचे आकडे दाखवा. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असते, तेव्हा दीड मिली. सिरप ५ मिलीत १२५ चे असेल तर ६ मिली, ५ मिलीत २५० चे असेल तर ३ मिली. सिरपच्या हिशोबाने ६ मिली ड्रॉप्स दिले तर चौपट डोस जातो आणि यकृताला इजा होऊ शकते. दोन डोसांत चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नको. चहाच्या चमच्याने देऊ नका, बाटलीबरोबरची मापाची टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

जुलाबही असतील तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, छोटे ४.२ ग्रॅमचे २०० मिलीत. टेट्रापॅकमधले गोड पेय ओआरएस नव्हे. आणि घमेल्यातल्या उकळत्या पाण्याचा वाफारा लहान मुलाला नको. भाजलेली मुले दर पावसाळ्यात येतात.

बरा झाला. शाळेसाठी पुन्हा टेस्ट करून निगेटिव्ह आणायचा का?
— जयसिंगपूर

आणू नका. आरटी-पीसीआर काही मुलांत आठवडेच काय, तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहते. ते मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. औषधाशिवाय २४ तास ताप नाही आणि खोकला उतरणीला लागला आहे, की शाळेत पाठवा. सहा वर्षांपुढचा असेल तर आणखी पाच दिवस मास्क लावू द्या, आणि आजी-आजोबांच्या अंथरुणात तेवढे दिवस झोपू देऊ नका.